लहानीचं रक्त, मोठीच्या नावानं

माझ्या आत्याच्या घरात सरकारी कामांना एकच नियम होता. जी मोकळी असेल ती जाईल.

आत्या ही घरातली थोरली सून आणि तिची जाऊ धाकटी. गावात दोघींना कोणी नावानं हाक मारत नाही. मोठी आणि लहानी, बस्स. वयात फार तर दोन वर्षांचं अंतर, अंगकाठी सारखी, रंग सारखा आणि साडी तर तंतोतंत सारखी. हे साडीचं खूळ त्यांच्या सासूचं. एका सुनेला भारी साडी आणि दुसरीला हलकी, यावरून शेजारच्या घरात भावाभावांच्या चुली वेगळ्या झालेल्या तिनं पाहिल्या होत्या. म्हणून पहिल्या दिवाळीलाच तिनं फर्मान काढलं, एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या दोन घ्यायच्या. सासू जाऊन जमाना झाला, पण कारंज्याचे आमचे नेहमीचे जैन कापडवाले काका आजही आत्यानं दुकानाची पायरी चढली की न विचारता दोन-दोन साड्या काढून ठेवतात. एकदा आत्या म्हणाली, "एकच द्या, मानपानाची हाये." तर काकांनी हातातली घडी खाली ठेवली आणि घाबरून विचारलं, "काहून? लहानी बरी हाये नं?"

तर, जी मोकळी ती जाईल. बचतगटाची मीटिंग, ग्रामसभेची सही, शाळेतली पालकसभा, सगळीकडे हाच कारभार. मोठीचं नाव पुकारलं तर लहानी "हाव, आली" म्हणून उठायची, लहानीचं पुकारलं तर मोठी. यात आपण काही लबाडी करतोय असं दोघींच्या मनातही नसायचं. "घरातली एक बाई गेली म्हंजे झालं," आत्या म्हणायची. डोळ्यांच्या शिबिरात एकदा लहानीनं मोठीच्या नावानं डोळे तपासून घेतले. चष्मा आला तो अर्थातच लहानीच्या नंबरचा. मग लहानी तो लावून डाळ निवडायची आणि आत्या तोच चष्मा लावून लग्नाला जायची, नुसता रुबाब म्हणून. त्यातून तिला नवरदेवसुद्धा धड दिसायचा नाही.

हा कारभार पहिल्यांदा मोडला रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीननं. लहानीनं मोठीच्या नावावर अंगठा टेकवला, मशीन नाही म्हणालं. पुसून टेकवला, तरी नाही. लहानी रिकामी पिशवी घेऊन तणतणत घरी आली. "बाई, थे डबडं म्हंते का मी तू नाही!" आत्यानं तिला पाणी दिलं आणि समजूत काढली, "जाऊ दे व. त्याले कायचं समजते, नवं हाये थे गावात."

दोघींना दुसऱ्यांदा वेगळं ओळखलं ते माझ्या प्रयोगशाळेतल्या काचपट्टीनं. त्या वेळी शहाणपणाचा आव आणून चुकले ती मी, हे आधीच कबूल करून टाकते.

आत्याच्या डाव्या मांडीत, गुडघ्याच्या वीतभर वर, गाठ आली होती. दुखत नव्हती. "दुखत नाही तं बोंबलाव कायले?" म्हणून आत्यानं ती लिंबाएवढी होईस्तोवर कोणाला सांगितली नाही. एका संध्याकाळी पाय चेपताना लहानीच्या हाताला लागली आणि लहानीनं घर डोक्यावर घेतलं. जीपनं कामरगाव, तिथून कारंजा, तिथून पुढे शहरातला मोठा दवाखाना. तुकडा तपासला आणि सार्कोमा निघाला. म्हणजे स्नायू, चरबी, हाडं, शरीराला बांधून धरणारं जे काही असतं त्यातला कर्करोग. मी त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते, आणि नेमकी याच कर्करोगाच्या मागे लागलेली होते. घरचे म्हणाले, देवच पावला, आपली पोट्टी तिथंच आहे. मी रोज काचपट्ट्यांवर थेंब टाकते, मला कोणाला बरं करता येत नाही, हे मी दहा वेळा सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पाय राहिला. घरी सोडताना सर्जननी आत्याला समोर बसवून सांगितलं, "तपासणीला येत राहा. आणि पुन्हा हाताला काही लागलं तर त्याच आठवड्यात या. लहान असताना आलात तर तेवढंच काढून टाकू. उशीर केलात तर पाय वाचेल असं वचन मी देणार नाही."

आत्यानं यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. जीपमध्ये बसल्या-बसल्या तिनं जाहीर केलं, "पाय काही मी देत नाही. पाय गेल्यावर मले वावरात कोन नेईन, खांद्यावर बसवून?" आणि हसली. जीपवालाही हसला. लहानी मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे आत्या पहिल्या तपासणीला आली, मग सोयाबीन आडवं आलं, मग तुरीची फवारणी. मलाही ती कारणं खरीच वाटली.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्याच्या काढलेल्या गाठीतल्या थोड्या पेशी आम्ही भांड्यात वाढवल्या होत्या. रोग्याच्याच रक्ताला त्याच्या गाठीची ओळख पटते का, हे बघायचं होतं. आत्याला मी ते असं समजावलं. गावात नवा माणूस शिरला की पारावरचे म्हातारे काय करतात? "कोनाचा गा तू?" म्हणून विचारतात. रक्तात तसे म्हातारे असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. परका जंतू आला की लगेच हटकतात. पण कर्करोगाची गाठ बाहेरून आलेली नसते, घरातलंच बिघडलेलं पोर असतं ते. म्हणून म्हातारे दुर्लक्ष करतात. मात्र कधी कधी ते पोर असे काही कपडे घालून फिरतं, की एखाद्या म्हाताऱ्याला शंका येतेच. ते कपडे म्हणजे गाठीवरची प्रतिजनं. ती कोणती, हे आम्हाला शोधायचं असतं, आणि ती दाखवून देणारे म्हातारे रोग्याच्याच रक्तात बसलेले असतात.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे माही गाठ जित्ती हाये तुह्यापाशी?"

"हाव. भांड्यात हाये."

"तिले खायाले देता का?"

"गुलाबी पानी असते, दोन-तीन दिवसांनी बदलतो आमी."

"पाह्य व लहानी," आत्या म्हणाली, "माह्या आंगातून गेली आन थेट सासुरवाशीण झाली. लाड पाह्य तिचे!" तेव्हापासून मी फोन केला की आधी गाठीची खुशाली. थंडी वाजते का तिला, एकटीच असते का, मालकीणबाई रागावतात का. मालकीणबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम. मी हसत-हसत मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे निरोप दिला, "तिला सांग, सुखात आहे."

ऑपरेशनच्या वेळी घेतलेलं आत्याचं रक्त मी स्वतः तपासलं. रक्त गोठून वर जे पिवळसर पाणी सुटतं, ते काचपट्टीवरच्या पेशींवर टाकलं. धुतलं. मग माणसाच्या प्रतिपिंडाला धरून बसणारं, हिरवं चमकणारं रसायन टाकलं. पुन्हा धुतलं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत्याच्या कातडीच्या निरोगी पेशी काळ्याठिक्कर होत्या आणि गाठीच्या पेशी हिरव्यागार. माझ्या अंगावर काटा आला. ओळखलं होतं तिच्या रक्तानं. मी नियम-बियम बाजूला ठेवून तिला फोन केला.

"वयखलं?" आत्या ओरडली. "माह्या रक्तानं वयखलं थ्या चोट्टीले?" पुढचा आठवडाभर कामरगावच्या जीपमध्ये तिनं हीच बातमी केली. यानं गाठ बरी होते असं नाही, पुन्हा येणार नाही असंही नाही, हे मी बजावलं होतं. पण आत्या म्हणजे आत्या. डॉक्टरनं गाठ काढली खरी, पण आपण तिला आधीच ओळखलं होतं, असं ती सांगत सुटली.

मग मॅडमनी ठरवलं की काही महिन्यांनी अशा सगळ्या रोग्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं आणि सोबत प्रत्येकाच्या घरातल्या एका निरोगी माणसाचंही. तुलना करायला. मी लगेच हात वर केला. मॅडम, आत्याची जाऊ! वय तेच, घर तेच, विहीर तीच, जेवणसुद्धा एका ताटात. यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार? मॅडम खूश झाल्या. "पण नमुने घेताना तू स्वतः हजर राहा," एवढं त्या आवर्जून म्हणाल्या.

आणि मी हजर नव्हते. त्याच दिवशी मानोऱ्याला माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. मी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना फोन करून सगळं समजावलं. फॉर्म कुठे, नळ्या कुठे, बर्फाचा डबा कोणत्या जीपनं. नर्सबाई नव्या होत्या, पण पोहरादेवीच्या यात्रेत ड्यूटी करून आलेल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, तिथं अख्खी रांग संपवली म्या, ह्या तं दोनच बाया." मला कोणी पहिल्यांदाच मॅडम म्हणालं होतं, तेवढ्यावरच मी विरघळले. त्या दोन बायांचं रक्त जेव्हा निघत होतं, तेव्हा मी तिसऱ्यांदा जिलबी वाढून घेत होते.

नमुने आले. आमच्याकडे नळीवर नाव नसतं, नंबर असतो, म्हणजे बघणाऱ्याला कोणाचं काय ते कळू नये. मी दोन्ही तपासले. एक नंबर हिरवागार, दुसरा पूर्ण काळा. अपेक्षेप्रमाणे. मी खुशीत वही उघडली, नंबर जुळवले, आणि खुर्चीतच सरळ झाले. काळा नमुना आत्याचा होता. हिरवा काकीचा. लहानीला आम्ही भाचरं काकी म्हणतो.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. नवीन पट्ट्या, नवीन रसायन, तरी तेच. रोगी बाईच्या रक्तातली ओळख पुसली गेली आणि निरोगी जावेच्या रक्तात उगवली! आता खरं सांगते, ज्या बाईला चष्म्याची गोष्ट तोंडपाठ, अंगठ्याची गोष्ट तोंडपाठ, त्या मला एकदाही सुचलं नाही की हे काय असेल. सुचलं असतं तर माझा शोध गेला असता ना! मी तर विहिरीपर्यंत पोचले होते. घरात काहीतरी आहे, एखादा विषाणू आहे, जो एकीकडून दुसरीकडे गेला. मोठ्या हौसेनं मी साऱ्यांसमोर मांडायला चित्रं केली, त्यात विहिरीचंसुद्धा एक चित्र होतं.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला, "नमुने घेताना तू तिथे होतीस ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. जिलबी कशी कबूल करणार?

"मग अदलाबदल झालेली नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "निरोगी माणसातही कधी कधी अशी प्रतिपिंडं सापडतात. पण इतकी ठळक? त्या बाईंना एकदा तपासून घ्यायला हवं. कुठे गाठ-बिठ नाही ना, बघून ये. उगाच घाबरवू नकोस."

मग माझीच पाचावर धारण बसली. काकीला? जी कधी कोणाला लागेल असं बोलली नाही, त्या काकीला? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. रस्ताभर स्वतःला शिव्या घालत होते, पण खोटं बोलल्याबद्दल नाही, मनातल्या मनात शोधाचा आनंद झाला होता त्याबद्दल.

घरी काकी एकटीच होती, तुरीचे सोले काढत बसलेली. आत्या वावरात गेली होती. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "काकी, पायाले तेल लावून देऊ का?"

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"असंच. थकत असशीन."

"तुले बरं हाये नं, माय?" काकीनं माझ्या कपाळाला हात लावला. मी तरी हटले नाही. तिला खाटेवर आडवी केली, तेलाची वाटी घेतली आणि दोन्ही पाय घोट्यापासून वर चाचपून काढले. काकीला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती, "अव सोड, सोड व पोट्टे, शहरात कोनी भेटत नाही का तुले पाय दाबाले!" कुठेही काही नव्हतं. पाठ पाहिली, दंड पाहिले. काही नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण निम्माच.

"काकी, आलोच हावो तं जरा रक्त घेतो पुन्हा."

काकीचं हसू थांबलं. तरी हात पुढे केला तिनं. मी दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत टिचक्या मारल्या. नस दिसेना. दुसरा हात घेतला, तिथंही दिसेना. काकीला माझी कीव आली असावी. "तथी नाही भेटत माही नस," ती म्हणाली. "नर्सबाईनं बी लय शोधली. मंग अथून काढलं," आणि तिनं तळहाताची मागची बाजू दाखवली.

मी पिशवीतून नर्सबाईंनी भरलेले फॉर्म काढले. एका फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "कोपराला नस मिळाली नाही, हाताच्या मागून घेतलं." तो फॉर्म आत्याचा होता. आणि आत्याच्या नसा मला माहीत आहेत. चाळीस वर्षं पाणी शेंदलेल्या हाताच्या त्या, आंधळ्यालाही सापडतील.

"काकी," मी म्हणाले, "तू आत्याच्या नावानं बसली होती?"

काकीनं हात मागे घेतला. दाराकडे पाहिलं. मग सोल्यांच्या टोपल्याकडे.

"आन आत्या तुह्या नावानं?"

"मले शपथ हाये," काकी म्हणाली.

"कायची शपथ?"

"थे सांगतली तं तुटते नं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोध गेला, चित्रं गेली, विहीर गेली, आणि मॅडमसमोर आता तोंड काळं. या बायांनी जन्मभर सगळ्या सरकारला फसवलं ते फसवलं, आता मलाही! एवढ्यात अंगणात आत्या आली. डोक्यावर सरपणाचा भारा होता. तिनं तो भिंतीशी टाकला आणि पायरी चढली. उजवा पाय आधी टाकला, मग हातानं चौकट धरून डावा वर घेतला.

आत्या कधीच चौकट धरत नव्हती. माझा राग तिथल्या तिथे विरला.

"आली का, पोट्टे!" आत्या म्हणाली. "माही गाठ कशी हाये?"

"कोनती?" मी म्हणाले. "माह्यापाशी हाये थे, का तुह्यापाशी हाये थे?"

ती काकीकडे बघायला लागली. काकी रडवेली झाली. "म्या नाही सांगतलं, बाई. देवाशप्पथ नाही सांगतलं. नशीनं सांगतलं."

आत्या खाटेवर बसली. मग साडी वर सरकवली आणि माझा हात धरून जुन्या व्रणाच्या कडेला ठेवला. बोराएवढं काहीतरी होतं, टणक.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असन."

"आन तू मले सांगतलं नाही!"

"तुले सांगतलं असतं तं तू त्याइले सांगतलं असतं. आन त्याइनं पाय कापला असता." आत्या भांडायच्या तयारीनं बसली. "मंग तुह्या बाईनं रक्त मांगतलं. म्या म्हटलं, माह्या रक्तात दिसूनच जाईन सगळं. म्हनून लहानीले बसवलं माह्या जागेवर. तिचं रक्त साजरं हाये. माह्या नावानं साजरा रिपोर्ट येईन, कोनी बलावणार नाही. दोन बाया लिहल्या होत्या, दोन बाया बसल्या. तुह्यं काय गेलं?"

मी ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावून गेलं. "आत्या, थ्या तपासनीत गाठ परत आली का नाही थे समजतच नाही! दहा डाव सांगतलं तुले! रक्त वयखते का एवढंच पाह्यतो आमी! गाठ हातानं समजते, फोटोत समजते, माह्या नळीत समजत नाही!"

आत्याचं तोंड उघडं राहिलं. "समजत नाही?"

"नाही!"

"मंग म्या लहानीले फुकट टोचाले लावलं?" ती काकीकडे वळली. "अव माय! आन तू बी बसली गपचूप!"

काकी पदरानं नाक पुसत हसायला लागली. मलाही हसू आलं, रडू आलं, काय आलं ते कळलं नाही. आत्या मात्र हसली नाही. व्रणावर हात ठेवून बसून राहिली. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "आन माह्यं? लहानीच्या नावानं देल्लं थे? थे चमकलं का?"

"चमकलं. पहिल्यासारखंच."

"म्हंजे अजून वयखते."

"हाव. पन पारावरचे म्हातारे वयखतात फक्त, आत्या. उठून हाकलत नाहीत. हाकलाले सर्जनच लागते. आन आत्ता बोराएवढीच हाये, आत्ता गेली तं पाय राहू शकते. डॉक्टरनं हेच सांगतलं होतं, तू अर्धच आयकलं."

"रक्त बी चुगलखोर निंघालं," आत्या म्हणाली. "नाव बदललं तरी बोललंच." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, की पाय देणार नाही, तूर काढायची आहे, यात्रा झाल्यावर बघू.

तेव्हा काकी उठली. तिनं वळकटीखालची पिशवी ओढली आणि कपडे भरायला लागली. दोन लुगडी, एकाच रंगाची. दोन झंपर. एक चष्मा.

"लहाने, काय करून राह्यली?" आत्या म्हणाली.

"उद्या सकाळच्या जीपनं जाऊन राह्यलो आपन," काकी म्हणाली. आवाज अजिबात वर न चढवता. "म्या तुह्यी शपथ पाळली, बाई. सांगतलं नाही कोनाले. पन रोज तुह्यी सावली पाह्यत होतो, लंगडते का म्हनून. आता नाही होत मले." आणि ती रडली, मोठ्यानं. आत्यानं तिला असं रडताना बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. तिनं पुढे तुरीचं नाव काढलं नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं, जिलबीसकट. त्यांनी मला नोकरीवरून काढलं नाही, पण त्या दोन नमुन्यांसमोर माझ्या हातानं लाल शाईत "अदलाबदल, निरीक्षक गैरहजर" असं लिहायला लावलं आणि वही सगळ्यांना फिरवली. विहिरीचं चित्र मॅडमनी स्वतःजवळ ठेवून घेतलं. अजून त्यांच्या कपाटावर चिकटवलेलं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी वॉर्डात होतो. आत्याला हिरवा गाऊन दिला होता, त्यावरून तिची किरकिर चालली होती, की असा एकच कसा दिला, लहानीले काहून नाही. मग ती न्हाणीघरात गेली. काकी तिच्या रिकाम्या खाटेच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली. एवढ्यात दारात वॉर्डातली सिस्टर आली, फाईल बघून आत्याचं नाव मोठ्यानं पुकारलं आणि म्हणाली, "चला आजी, ऑपरेशनला."

"हाव, आली," काकी म्हणाली आणि उठून उभी राहिली.

पिशवी खाली पडली. काकी दोन पावलं पुढेही गेली होती. सिस्टर तिच्या साडीकडे बघायला लागली. मी काकीचा दंड धरला. आणि पलीकडून, न्हाणीघराच्या दारात, भिंत धरून उभी असलेली आत्या म्हणाली, "बस व लहाने. थे मले बलावून राह्यले."

काकी बसली. आत्या आमच्या समोरून गेली, डावा पाय जरा ओढत. सिस्टरला जाता-जाता सांगून गेली, "ह्या बाईवर ध्यान ठेवजा, नाहीतं माह्या आधी जाऊन झोपन तथी." सिस्टर हसली. दार लागल्यावर काकीनं माझा हात धरला तो तीन-चार तास सोडला नाही. माझी बोटं दुखायला लागली होती, पण मी हात सोडवून घेतला नाही.

दुपारी सर्जन बाहेर आले. लहान होती, पूर्ण निघाली, आजूबाजूचंही निघालं, आता तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं म्हणाले. मी ऐकलं, काकीनं ऐकलं नाही. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण ऐकीव गोष्टीवर ती विसंबणारी नव्हती.

संध्याकाळी आत्याला खाटेवर आणलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. काकीनं पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग पायथ्याशी गेली, पांघरुणाचं टोक हळूच उचललं, आत वाकून पाहिलं. एक अंगठा चिमटीत धरला. मग दुसरा.

"हायेत व बाई," ती म्हणाली. "दोन्ही हायेत."

आत्यानं डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"नीट पाह्य बरं, लहाने," ती म्हणाली. "माह्येच हायेत नं?"